टेकूखालची ओली माती

डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात केरबा शेलार नावाचे ठेकेदार राहत. तीस वर्षं त्यांनी घरं बांधली, शाळा बांधल्या, ओढ्यांवर पूल घातले. काम चालू असलं की ते स्वतः तिथं उभे असत. दुसऱ्यावर सोपवून घरी बसणं त्यांना माहीतच नव्हतं.

एकदा त्यांनी डोंगरापलीकडच्या वाडीतल्या शाळेचं काम घेतलं. भिंती उभ्या राहिल्या आणि नेमकं केरबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टरांनी दोन महिने घराबाहेर पडायचं नाही असं बजावलं.

त्यांची इंजिनिअर आश्लेषा म्हणाली, "काका, साइटवर कॅमेरा बसवू. फोटोही रोज तुमच्या मोबाइलवर येतील. तुम्ही घरून सांगा, तिथं काम होईल."

"विटेला हात लावल्याशिवाय मला भिंत कळत नाही, पोरी," केरबा चिडून म्हणाले. "तू मला शिकवू नकोस."

पण वाडीतली मुलं देवळाच्या ओवरीत बसून शिकत होती. जूनच्या आत शाळा हवी होती. आश्लेषाही हट्ट सोडेना. शेवटी केरबा नाइलाजाने कबूल झाले.

आश्लेषाने उंच खांबावर कॅमेरा लावला आणि साइटचा फोन हौसाबाईंच्या हाती दिला. हौसाबाई भिंतींना पाणी मारायच्या. नळी घेऊन त्या सगळीकडे फिरत, म्हणून आश्लेषाने त्यांनाच निवडलं. कामगारांवर देखरेख करणारा मुकादम हसला. हौसाबाईंनी मात्र चार दिवसांत फोटो काढणं, समोरासमोर दिसेल असा फोन लावणं शिकून घेतलं.

स्लॅब ओतायचा दिवस उजाडला. काँक्रीटचा मिक्सर सुरू झाला. केरबा खाटेवर बसून मोबाइलवर बघत होते. वर सगळं ठीक दिसत होतं. एवढ्यात हौसाबाईंचा फोन आला.

"मालक, मागल्या अंगाला टेकूखालची माती ओली झालीया. खालची फळी कलल्यागत वाटतीया."

फोनवरच मागून मुकादमाचा आवाज आला, "अहो, तिला काय कळतंय? मी सकाळीच बघितलंय. आता थांबलो तर कालवलेला माल वाया जाईल."

केरबांनी कॅमेऱ्याचं चित्र पुन्हा निरखलं. मुकादम त्यांच्याबरोबर वीस वर्षं काम करत होता. कॅमेऱ्यातही काही वावगं दिसत नव्हतं. तरी ते म्हणाले, "हौसाबाई, आत जाऊ नका. बाहेरूनच फोन खाली धरून मला दाखवा."

चित्र हललं आणि स्थिर झालं. पाण्याचा पाइप फुटून जमीन भिजली होती. टेकूखालची फळी बोटभर खचली होती.

"मिक्सर बंद करा! सगळ्यांना खाली उतरवा, लांब न्या!" केरबा ओरडले.

शेवटचा माणूस उतरून आवाराच्या टोकाला पोचला, आणि स्लॅबचा मागचा कोपरा धाडकन खाली आला. मुकादमाने माणसं मोजली. अकराच्या अकरा होती. इकडे केरबांनी मोबाइल उशीला टेकवला आणि हात जोडले.

वाडीत कॅमेऱ्याचं मोठं कौतुक झालं. डॉक्टरांनी मोकळीक देताच केरबा काठी टेकत साइटवर आले आणि त्यांनी सगळ्यांना जमवलं.

"कॅमेरा वरून बघत होता, मीही बघत होतो. आम्हा दोघांनाही काही दिसलं नाही. हौसाबाई खाली वाकल्या, म्हणून आज तुम्ही अकराजण माझ्यासमोर आहात." मग ते आश्लेषाकडे वळले. "पोरी, तू हट्ट धरला नसतास, तर यांचा आवाज माझ्यापर्यंत पोचलाच नसता. तुला टाकून बोललो, माफ कर."

मुकादम पुढे आला. "बाई, चुकलो," एवढंच म्हणाला.

त्या दिवसापासून हौसाबाई सगळीकडे फिरून फोनवर दाखवत, आणि मगच केरबांच्या कोणत्याही कामावर मिक्सर सुरू होई.

त्या दिवशी हौसाबाईंना मात्र एवढ्या लोकांसमोर अवघडल्यासारखं झालं होतं. पदर सावरत त्या म्हणाल्या, "मालक, मी काय केलं? दिसलं ते सांगितलं. तुमी ऐकलंत, म्हणून निभावलं."

तात्पर्य: लांबचं जवळ आणणारी नवी साधनं मोकळ्या मनाने स्वीकारावीत, त्यांतून बोलणाऱ्या साध्या माणसाचं म्हणणं ऐकावं, आणि त्याचे उपकार चारचौघांत मानावेत.