मोटारीवरची तुळस

टिपूरवाडीच्या नळाला त्या उन्हाळ्यात तीन दिवसांतून एकदा पाणी यायचं, आणि तेही करंगळीएवढं. गावाच्या अगदी खालच्या टोकाला, जिथे नळ संपतो तिथे, छोटी सगुणा आणि तिची आई राहायची. त्यांच्यापर्यंत येता येता त्या करंगळीचा दोरा व्हायचा, आणि दोन हंडे भरले की तोही तुटायचा.

त्यांच्या दारात एक मोगरा होता. आई त्याच्या टपोऱ्या कळ्यांचे गजरे करून देवळापाशी विकायची, त्यावरच दोघींची चूल पेटायची. पण आता मोगऱ्याची पानं पिवळी पडून चुरचुरायला लागली होती. सगुणा भांडी विसळलेलं पाणी त्याला घालायची, पण दोघींची भांडी ती किती आणि पाणी ते किती!

एके दिवशी आई म्हणाली, "सगू, या आठवड्यात कळी धरली नाही, तर मामाकडे वीटभट्टीवर जावं लागेल गं. तिथे शाळा नाही."

सगुणा मोगऱ्याशी जाऊन खूप रडली. रडतानासुद्धा तिने मान बरोबर मोगऱ्याच्या आळ्यावर धरली होती. तेवढंच पाणी!

गावात पाणीसमिती होती, आणि तिचे अध्यक्ष होते गोलमटोल अप्पासाहेब ढमाले. त्यांनी पाटीवर लिहून टाकलं, 'घराबाहेर पाणी वापरायचं नाही. बागेला नाही, सड्याला नाही, मोटार धुवायला नाही.'

"आणि तुळशीला?" त्यांच्या बायकोने, माईंनी, कमरेवर हात ठेवून विचारलं.

अप्पासाहेबांनी जीभ चावली. तुळशीला नाही म्हणायची छाती कुणाची? त्यांनी खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'दर तुळशीला रोज एक तांब्या चालेल.'

झालं! दुसऱ्या दिवशी वरच्या आळीत जिकडेतिकडे तुळशीच तुळशी. गुलाबाच्या कुंडीत तुळस, डेलियाच्या वाफ्यात तुळस, हिरव्यागार हिरवळीत दर दोन हातांवर एक तुळस. अप्पासाहेबांनी तर कमालच केली. आपल्या लालचुटूक मोटारीच्या टपावर त्यांनी चार कोपऱ्यांना चार तुळशीच्या कुंड्या ठेवल्या. तुळशी चार, म्हणून तांबे चार! रोज सकाळी ते डोळे मिटून, भक्तिभावाने पाणी ओतायचे. ते काचेवरून ओघळायचं, दारावरून झुळझुळायचं, आणि मोटार कशी लखलखायची!

"आई, आपणही मोगऱ्याजवळ तुळस लावू या का?" सगुणाने विचारलं.

"लावू की. पण तांब्याभर पाणी कुठून आणू?" आई म्हणाली.

त्या दुपारी शाळेतून येताना सगुणा गावच्या बागेतून निघाली होती. तिच्या बाटलीत दोन घोट पाणी उरलं होतं. घसा कोरडा पडला होता, तरी तिने ते मोगऱ्यासाठी राखून ठेवलं होतं. इतक्यात कोरड्या कारंज्यातून बारीक आवाज आला, "पाणी... कुणी पाणी देतं का?"

कारंज्याच्या काठावर बोटाएवढी परी बसली होती. तिचे इवलेसे पंख भाजलेल्या पापडासारखे कडक झाले होते.

सगुणाला मोगरा आठवला. पण तिने बाटलीच्या झाकणात पाणी ओतून पुढे केलं. परी एक झाकण प्यायली, दोन प्यायली, तिने बाटलीच रिकामी केली. आणि काय सांगू! तिचे पंख फुलले, मोरपिशी, जांभळे, सोनेरी. त्यांतून चमचमत्या चांदण्यांचा भुगा भुरुभुरु उडाला.

"मी थेंबुली," ती हसून म्हणाली. "माग, काय हवं ते माग. पूर्वी मी तीन इच्छा द्यायचे. आता टंचाई आहे, कपात झालीय. दीडच मिळेल."

"अर्धी इच्छा म्हणजे कशी?"

"अर्धं काम माझं, अर्धं माणसांचं. माणसांनी आधी करायचं, मग मी. आणि हो, नवं पाणी मागायचं नाही हं! धरणातच नाही, तर मी बापडी कुठून आणू?"

सगुणाने इकडेतिकडे पाहिलं. कडुनिंबाखाली कुत्रा धापा टाकत होता. चिमण्या चोची उघड्या टाकून बसल्या होत्या. ती म्हणाली, "उद्या सकाळी तुळशींवर ओतलेलं पाणी ज्याला खरी तहान लागलीय त्याच्याकडे जाऊ दे."

"अगं, मोगऱ्याचं नाव नाही घेतलंस?"

"त्यालाही तहान लागलीच आहे. पण चिमण्यांनाही लागलीय ना? अर्धी इच्छा मी ठेवून देते."

"बरं बाई. जपून ठेव, सांडू नकोस," थेंबुली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पासाहेबांनी चार तांबे ओतले. चारही तुळशींनी घोट घोट पाणी घेतलं आणि बाकीच्याला वाट दिली. पाणी टपावर गोळा झालं. त्याला इवले इवले चंदेरी पाय फुटले. टुणकन उडी मारून ते रस्त्याला लागलं, चुबुक चुबुक, चुबुक चुबुक!

"अरे, थांब! कुठे निघालंस? मी अध्यक्ष आहे!" अप्पासाहेब रिकामा तांब्या घेऊन, धोतर सावरत मागे धावले.

पाणी कुठलं ऐकतंय! गुलाबांचं पाणी निघालं, डेलियाचं निघालं, हिरवळीचं निघालं. पुढे पाण्याची चमचमती रांग, मागे तांबे घेतलेली अख्खी वरची आळी. थोडं पाणी कुत्र्यापाशी थांबलं, थोडं चिमण्यांपाशी, बरंचसं कडुनिंबाच्या मुळाशी मुरलं. शेवटी एका तांब्यापुरतं उरलं. ते उतारावरून थेट सगुणाच्या दारात, मोगऱ्याच्या आळ्यापाशी आलं.

सगुणाने श्वास रोखला. पण पाणी थबकलं. मागे वळलं. अप्पासाहेब दारात मटकन बसले होते, लालबुंद, धापा टाकत, जीभ बाहेर. पाणी चुबुक चुबुक त्यांच्याकडे गेलं आणि गुपचूप त्यांच्या तांब्यात चढलं.

अप्पासाहेबांनी तांब्या तोंडाला लावला. मग त्यांना रिकामे हंडे दिसले, पिवळा मोगरा दिसला, सगुणाचे भरलेले डोळे दिसले.

"प्या ना, अप्पा," सगुणा म्हणाली. "किती धावलात तुम्ही!"

अप्पासाहेब खजील झाले. ते अर्धा तांब्याच प्यायले. उरलेला अर्धा त्यांनी स्वतःच्या हाताने मोगऱ्याला घातला.

सगुणा आनंदाने ओरडली, "माणसांचं अर्धं झालं! थेंबुली, माझा मोगरा फुलू दे!"

हवेत सोनेरी, मोरपिशी उजेड दाटला. पानं हिरवी झाली आणि फांदीफांदीवर पांढऱ्याशुभ्र कळ्या टपटप उमलल्या. "शहाणी गं माझी!" एवढंच ऐकू आलं. उजेड विरला, आणि त्याबरोबर परीही.

आईने पदराने डोळे पुसले आणि गजरा ओवायला घेतला. वीटभट्टीचं नाव पुन्हा निघालं नाही. पाटीवर नवी ओळ आली, 'तुळस एका घराला एकच.' खालच्या आळीचा नळ आता हंडे भरूनही वाहत राहायचा, आणि अप्पासाहेब रोज तांदूळ धुतलेलं पाणी मोगऱ्यासाठी स्वतः घेऊन यायचे.

त्यांच्या मोटारीवर मात्र इतकी धूळ बसली, की सगुणाने एक दिवस तिच्यावर बोटाने मोगऱ्याचं भलंमोठं फूल काढलं. पाऊस येईपर्यंत अप्पासाहेबांनी ते कुणाला पुसू दिलं नाही.