नातालीनच्या भिंतीचं वळण

फार जुन्या काळी, खारवडी बेटावर होडीनेच जावं लागे तेव्हाची ही गोष्ट. नातालीन गोव्याला नन्सकडे शिकून परत येत होती. गावात चर्च बांधलंय, असा निरोप मिळाला होता. उंच मनोरे असतील, घंटा असेल, त्याच छपराखाली आपण पोरांची शाळा भरवू, असं मनात रंगवत ती आली. उतरून पाहते तर चर्च होतं, पण दोन तुकड्यांत. वरच्या आळीने वेदीकडून बांधत आणलं, खालच्या आळीने दाराकडून, आणि मधे भिंती हातभर चुकल्या. त्या फटीत एक बकरी रवंथ करत बसली होती.

"तुमची भिंत सरकली," वरच्या आळीचे इनासकाका म्हणाले.

"तुमचाच ओळंबा ताडी पिऊन लोंबत होता," खालच्या आळीची मोनिकाकाकी म्हणाली.

सणाला बिशप यायचे होते. तोवर छप्पर झालं नाही, तर ते गावच्या पाद्रीबाबांना पलीकडच्या बेटावर पाठवणार, आणि नातालीनची शाळाही बुडणार. पण आपली भिंत पाडायला कुणी तयार होईना.

नातालीनने बकरी उठवली, फटीत बसून शिंपल्यांचा चुना कुटायला घेतला आणि हळदीच्या गाण्याची पहिली ओळ म्हटली. खारवडीत नवरीच्या आळीने पहिली ओळ म्हटली, की दुसरी पलीकडच्या आळीने म्हणायची. गाणं अर्धं सोडणं म्हणजे नवरीचा अपमान.

"नवरा कुठाय गं?" मोनिकाकाकीने विचारलं.

"आधी चर्च, काकी. मग नवरा."

काकी हसली आणि तिने दुसरी ओळ म्हटली. तिसरी वरच्या आळीतून आली. गाता गाता बायांनी मुसळं आणली, पुरुषांनी दगड. गाणं संपेना म्हणून सूर्य बुडायचा थांबला, असं म्हणतात. चुना इतका पांढराशुभ्र झाला, की खाडीतले मासे पहाट झाली समजून वर आले, असंही म्हणतात.

सकाळी फट बुजली होती, पण दोन भिंती जोडणारा भाग विळ्यासारखा वळला होता. "बिशप हसतील. पाडून सरळ करू," दोन्ही आळ्या पहिल्यांदाच एका सुरात म्हणाल्या.

"नको," नातालीन म्हणाली. "पाडलंत, की कुणाची भिंत सरकवायची यावर पुन्हा भांडाल. वळण राहू दे. शाळा मी इथेच भरवणार."

आजही खारवडीची नवरी त्या वळणावर मूठभर चुना लावते, नातालीनबायचं नाव घेते आणि पहिली ओळ म्हणते. पलीकडच्या आळीतून दुसरी आल्याशिवाय वरात आत शिरत नाही. आळ्यांचं भांडण चालू असलं, तर ती ओळ जरा उशिरा येते. पण येते.