गोगलगायींचे तेरा दाखले

सूनबाई ऋजुता कॉलेजात कायम झाली, तर जोगेश्वरीची खणानारळाने ओटी भरीन, असं मी बोलले होते. ती रानातल्या गोगलगायींवर संशोधन करते. यंदा कायम झाली नसती, तर नोकरीच जायची. मुलाखतीत काय झालं, ते तिनेच घरी येऊन सांगितलं.

समितीचे अध्यक्ष डॉ. खांबेटे मधुमेहावरचे संशोधक. ते हसून म्हणाले, "बाई, माझ्या निबंधांचे दाखले इतरांच्या लेखनात हजारो. तुमचे तेराच?" त्या हजारोंतले निम्मे त्यांनी स्वतःच आपल्या लेखनात दिलेले, हे समितीला ठाऊक होतं, पण बोलणार कोण?

ऋजुता म्हणाली, "सर, मधुमेहावर जगात लाखो जण काम करतात. या गोगलगायींवर आम्ही चौदाच. तेरा जणांनी माझा दाखला दिलाय."

"मग चौदावा का रुसला?"

"चौदावी मीच, सर. आपली ओटी आपणच भरायची नसते."

समितीतले सगळे खाली मान घालून हसले. खांबेट्यांनी चष्मा पुसला आणि तिला कायम करण्याच्या कागदावर सही केली.

काल देवीची ओटी भरून आले. बायांनो, तुमच्याही घरी कुणी अशी जीव ओतून काम करत असेल, तर तिच्यासाठी देवीला एवढं बोलाच.