मेल्या आणि उकिरड्या

घाटावरच्या एका गावात एक शाळा होती, आणि त्या शाळेला हिंगमिरे नावाचे मुख्याध्यापक होते. हिंगमिरे गुरुजी मोठे विद्वान नव्हते. पण त्यांना एक कला अशी साधली होती की तालुक्यातले इतर मुख्याध्यापक ती शिकायला येत. तक्रार घेऊन त्यांच्या खोलीत शिरलेला माणूस बाहेर येताना तक्रार आतच विसरून येत असे.

कला साधी होती. आलेल्याला आधी खुर्ची द्यायची. मग चहा सांगायचा. चहा येईपर्यंत पाऊसपाण्याचे बोलायचे. चहा आला की तक्रार ऐकायची, निदान मान तरी हलवायची. आणि कप खाली ठेवता ठेवता एकच शब्द म्हणायचा, "बघतो." या एका शब्दावर गुरुजींची सारी नोकरी निघाली होती. काय बघतो, कधी बघतो, हे कोणी विचारत नसे. शाळेचे छप्पर गळत असे; तेही गुरुजी कित्येक वर्षे बघत होते.

त्या साली पहिलीच्या वर्गावर कोकणातून एक नव्या बाई आल्या. त्यांचे आडनाव तोंडवळकर. गावाने या आडनावाचे जे करायचे ते पहिल्याच आठवड्यात करून घेतले. बाई मोठ्याने बोलत, मोठ्याने हसत आणि जीव ओतून शिकवत. पहिलीची पोरे आजवर शाळा सुटायची वाट बघत. ती आता शाळा भरायच्या आधीच पायरीवर येऊन बसू लागली. गुरुजींना याचा थोडा त्रासच झाला. कुलूप लवकर उघडावे लागे.

एके दिवशी शाळा सुटायला थोडा वेळ असताना निवृत्ती कोळपे, त्याची बायको मंजुळा आणि त्याची थोरली बहीण सगुणाआत्या अशी तिघे गुरुजींच्या खोलीत आली. कोळप्यांचा मुलगा पहिलीत होता. गुरुजींनी खुर्च्या दिल्या. चहा सांगितला. पाऊस यंदा बरा आहे, असे म्हणाले.

"पाऊस ऱ्हाऊ द्या गुरुजी," आत्या म्हणाली. "आमच्या पोराचं नाव काढा शाळेतनं. उद्यापासनं मेंढरांमागं जाईल."

"का हो, काय झालं?"

"त्या बाई त्याला मेल्या म्हणत्यात."

गुरुजी हसले. ते एकदा कोकणात लग्नाला गेले होते आणि तेवढ्यावर त्यांना कोकण कळले होते. "अहो आत्याबाई, तिकडं तशी पद्धत आहे. मनावर घेऊ नका. मी त्यांना समज देतो. म्हणजे... बघतो."

चहा आला. कोणी कपाला हात लावला नाही. हे गुरुजींच्या नोकरीत पहिल्यांदाच घडत होते.

मग मंजुळा बोलली. ती इतका वेळ जमिनीकडे बघत होती. "गुरुजी, आमचा पहिला रांगायला लागला आन् तापात गेला. ह्यो त्याच्या पाठीवरचा. रोज सांजच्याला घरी येतो आन् हसत सांगतो, आज बाई मला मेल्या म्हणल्या. मी चुलीम्होरं बसलेली असते. माझ्या पोटात काय होतं, ते मी कुणाला सांगू?"

निवृत्ती भिंतीकडे बघत राहिला. गुरुजींच्या तोंडात "बघतो" तयार होता. तो त्यांना बाहेर काढता येईना. तुमचे पोट मी बघतो, असे कसे म्हणणार? ते उठले. "थांबा, आलोच," असे म्हणून वर्गाकडे निघाले, आणि चालता चालता त्यांच्या लक्षात आले की तक्रार आल्यावर आपण खुर्चीतून आज पहिल्यांदा उठलो आहोत.

पहिलीच्या दाराशी ते थबकले. कोळप्यांचा मुलगा मांडीवर पाटी घेऊन काहीतरी लिहीत होता. बाई वाकून बघत होत्या. "अरे मेल्या," त्या म्हणाल्या, "एवढं सुंदर अक्षर इतके दिवस कुठे लपवून ठेवलं होतंस?" मुलाने वर बघितले. त्याचा चेहरा असा फुलला की गुरुजींनी नकळत स्वतःचा सदरा सारखा केला, जणू कोणी मोठे माणूस समोर आले आहे.

त्यांच्या मनात आले, काम झाले. आता परत जावे आणि सांगावे, मी स्वतः पाहिले, शब्दात माया आहे, घरी जा. चहाही अजून गरम असेल.

त्यांनी बाईंना बाहेर बोलावले आणि कोळपे मंडळी आल्याचे सांगितले.

"बरं झालं आली," बाई म्हणाल्या. "मीच तुमच्याकडे येणार होते. त्या लोकांना तुम्ही जरा सुनवा. पोराची आत्या रोज फाटकाशी उभी राहून सगळ्या शाळेदेखत त्याला उकिरड्या म्हणून हाक मारते. पोराला कोणी उकिरडा म्हणतं का? मला तर तिचं तोंड बघवत नाही. मी पोराला मुद्दाम थोडा वेळ वर्गात थांबवून घेते, म्हणजे तेवढी गर्दी कमी होते आणि चार पोरं कमी हसतात."

उकिरड्या म्हणजे काय, हे गुरुजींना ठाऊक होते. ते इथलेच होते. आता दोन्ही बाजूंच्या तक्रारी त्यांच्या दोन खिशांत होत्या, आणि त्यांच्यासारख्या कसबी माणसाला पुढचे काम हातचा मळ होते. बाईंना इकडे एक सांगायचे, कोळप्यांना तिकडे एक सांगायचे, दोन्हीकडून शहाणा म्हणवून घ्यायचे. समोरासमोर आणले तर मात्र आवाज चढणार, पंचायतीत बोभाटा होणार, आणि आखाड्यात निवृत्तीला जोड मिळू नये इतका तो अंगाने भरलेला होता.

पण मंजुळेचे ते पोट काही त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

"बाई," ते म्हणाले, "हे मला सांगू नका. चला, त्यांनाच सांगा. मी नुसता बसतो."

बाई खोलीत आल्या. गुरुजी बसले. नुसते बसणे किती अवघड असते, हे त्यांना नोकरीच्या अखेरीस कळले.

"तुम्ही याला उकिरड्या का म्हणता?" बाईंनी विचारले.

"तुम्ही मेल्या का म्हणता, ते आधी बोला," आत्या म्हणाली. "आडनावातच तोंड असल्यावर ते आवरायचं कशाला, व्हय ना?"

गुरुजींनी तोंड उघडले आणि परत मिटले.

बाईंचा आवाज प्रथमच खाली आला. "आमच्याकडे आई लेकराला मेल्या म्हणते. माझी आई मला अजून मेले म्हणते. तिनं कधी नाव घेऊन हाक मारली, तर मी घाबरते, काहीतरी चुकलं म्हणून. लहानपणी मी आजीला विचारलं होतं, असं वाईट का गं बोलता? तर ती म्हणाली, जो आधीच मेलाय म्हणून सांगितलं, त्याला न्यायला यम कशाला येईल?"

आत्याचा हात पदराशी गेला होता, तो तिथेच राहिला. बाहेर घंटा झाली, पोरांचा लोंढा अंगणातून गेला आणि आवाज विरला, तरी आत्या बोलेना. शेवटी बोलली, ती बाईंकडे न बघता.

"ह्यो झाला तवा बारशाला मीच त्याला उकिरड्यावर नेऊन ठेवला. एवढासा जीव, केरात. शेजारीण आली, त्याचं मोल म्हणून सूपभर ज्वारी टाकली आन् त्याला उचलून भावजयीच्या वटीत घातला. नाव मीच ठेवलं. आत्यानंच ठेवायचं असतं. म्हणलं, एकदा टाकून दिलेलं न्यायला कोण येतं?"

मेल्या हा शब्द हिंगमिरे गुरुजींना माहीत होता, उकिरड्या हाही माहीत होता, आणि इतकी वर्षे दोन्ही शब्द ते अडाण्यांचे म्हणून बाजूला सारत आले होते. आता त्यांना दिसले की समुद्राकाठची एक म्हातारी आणि घाटावरची ही आत्या, जन्मात एकमेकींना न भेटलेल्या, एकाच दारात एकाच पाहुण्याला अडवायला काठी घेऊन उभ्या होत्या. काठीही एकाच झाडाची. आणि इथे शाळेच्या फाटकाशी दोघींची काठी एकमेकींवरच उगारली गेली होती. आपण मधे एका कपात चहा ओतत होतो, असे त्यांना वाटले, आणि आपल्या कलेचा त्यांना फारसा अभिमान वाटला नाही.

बाई मंजुळेकडे वळल्या. आपला शब्द मायेचा होता, एवढे म्हणून त्यांना सुटता आले असते. त्या तसे म्हणाल्या नाहीत.

"तुमच्या कानावर तो शब्द कसा पडत असेल, हे मला माहीत नव्हतं. विचारायला हवं होतं. आता मी तो म्हणणार नाही. जन्माची सवय आहे, एखादे वेळी तोंडातून निसटेल. तेव्हा मला तिथल्या तिथे अडवा." मग आत्याकडे बघून म्हणाल्या, "आणि तुमच्याकडे मी तोंड फिरवत होते, तेही चुकलंच."

आत्या म्हणाली, "आडनावाचं आम्हीबी जास्तच बोललो."

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. माणसे समाधान पावली होती आणि गुरुजींचा हात सवयीने कपाकडे गेला होता. इतक्यात पाटी काखेत घेऊन तो मुलगा दारात आला. वर्ग सुटला होता आणि त्याची माणसे इथे होती.

मोठ्या माणसांनी त्याच्याकडे बघितले. गुरुजींना एकाएकी जाणवले की इतका वेळ जे चालले होते ते याच्याविषयी होते आणि याला कोणी काही विचारले नव्हते. पोराला विचारायची त्या शाळेत पद्धत नव्हती. परीक्षेत विचारत, तेवढेच.

"काय रे बाळा," गुरुजी म्हणाले, "बाई तुला मेल्या म्हणतात, आत्या उकिरड्या म्हणते. तुला काय वाटतं?"

मुलाने विचार केला. "बाई म्हणत्यात तवा ग्वाड वाटतं. आत्या म्हणती तवाबी वाटतं." मग पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत म्हणाला, "पोरं म्हणत्यात तवा नाय वाटत."

"मग काय म्हणावं तुला?"

त्याने पाटी पुढे केली. पाटीवर वळणदार, सुबक अक्षरांत एकच शब्द होता. चिरंजीव.

"बाईंनी शिकवलं. माझं नाव हाय म्हणल्या. मी रोज लिवतो." तो थांबला. "पण त्या नावानं मला कुणी हाकच मारत नाय."

गुरुजींना आठवले. कोळपे मंडळी मुलाचे नाव शाळेत घालायला आली तेव्हा शाळेला उकिरडा चालेना, म्हणून त्यांनी दुसरे विचारले होते. निवृत्तीला काही सुचले नव्हते. मंजुळा पदराआडून इतक्या हळू बोलली की गुरुजींना ऐकूच गेले नाही. पुन्हा सांगा म्हटले, तर तिने मान हलवली. निवृत्तीनेच मग ते सांगितले. त्या दिवसापासून त्या नावाने मुलाला कोणी हाक मारली नव्हती. घरी धास्तीने नाही, वर्गात बाईंच्या सवयीने नाही, आणि हजेरीत तर मुलांना नावे नसतातच. गुरुजींनीच वेळ वाचवायला आकडे ठरवून दिले होते.

सगळ्यांनी मंजुळेकडे बघितले. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ते नाव मोठ्याने घेणे म्हणजे झाकलेला दिवा वाऱ्यात धरणे, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होते. बाईंनी नाव घेतले असते, गुरुजींनीही घेतले असते. पण दोघेही गप्प राहिले. हा शब्द तिचा होता.

मंजुळा उठली. तिने दाराची चौकट धरली. ओठ हलले, आवाज आला नाही. पोरगा मान वर करून तिच्याकडे बघत उभा होता.

"चिरंजीव," ती म्हणाली.

मुलगा ताठ झाला, हात अंगाशी सरळ केले, आणि शाळेत शिकवले होते तसे खणखणीत उत्तर दिले.

"हजर."

निवृत्ती कोळपे इतका वेळ भिंतीकडे बघत होता, त्याने तोंड आणखी भिंतीकडे वळवले. गुरुजी उभे राहिले होते. केव्हा उभे राहिले ते त्यांना कळले नव्हते. तो शब्द ते रोज सकाळी शेकडो तोंडांतून ऐकत आले होते आणि आज पहिल्यांदा त्यांना त्याचा अर्थ लागला होता.

मग आत्याने पुढे होऊन पोराच्या तोंडावरून हात उतरवले, स्वतःच्या कानशिलावर बोटे मोडली, आणि सावधगिरी म्हणून हलकेच पुटपुटली, "चल रे उकिरड्या." याला मात्र कोणी हरकत घेतली नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्या शाळेत हजेरी नावाने होऊ लागली. तिला वेळ लागे. पुढे तपासणीला आलेल्या साहेबांनी, आकड्यांनी काम लवकर होते, अशी तक्रार केली. हिंगमिरे गुरुजींनी त्यांना खुर्ची दिली, चहा पाजला, पाऊसपाण्याचे विचारले आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, "बघतो."

तात्पर्य: तक्रार आली की शब्द कोणत्या मनातून निघाला हे पाहावे, तो कोणत्या कानावर पडला हेही पाहावे, आणि ज्या लेकरावरून मोठी माणसे भांडत आहेत, त्यालाही एकदा विचारावे.