धामणीची पाठवणी

एकदा एका वृद्ध वैद्यबुवांकडे त्यांची शिष्या गोदा जखमी धामण घेऊन आली. गवत कापताना कुणाचा तरी विळा त्या सापाच्या पाठीत खोल गेला होता. धामण बिचारी बिनविषारी, शेतातले उंदीर खाऊन उलट आपल्यावरच उपकार करणारी. पण घाबरलेल्या माणसाला एवढा विचार करायला सवड कुठे असते? बुवांनी जखम धुतली, लेप लावला आणि म्हणाले, "हिची शुश्रूषा आता तुझ्याकडे."

मग गोदाने त्या जनावराचे काय लाड केले म्हणता! धामणीला ठेवलेल्या पेटाऱ्यावर आधी टिचकी मारायची, मग आत उंदीर सोडायची. हळूहळू धामण असे काही ओळखू लागली, की माणसाच्या पावलांचा नुसता हादरा लागला तरी डोके वर काढून वाट पाहत बसे. गोदाला कोण कौतुक वाटे. बुवा मात्र जखम तेवढी पाहत आणि गप्प राहत.

घाव भरला. गोदाने धामणीला प्रथमच अंगणात मोकळे सोडले, आणि नेमके शेजारचे सोनबा कोयता घेऊन आत आले. धामण पळाली नाही. ती सरळ त्यांच्या पायांकडे निघाली. सोनबांनी कोयता उगारला. गोदा मध्ये पडली म्हणून धामण वाचली.

दुसऱ्या दिवशी बुवा आणि गोदा तिला सोडायला रानाच्या कडेला गेले. गोदाने पेटारा उघडून तिला गवतावर सोडले. तेवढ्यात बुवांनी हातातली काठी धामणीच्या शेपटीजवळ दाणकन आपटली. धामण दचकली आणि वळून गोदाकडेच येऊ लागली. बुवांनी काठी गोदाच्या हाती दिली.

"आता तू आपट."

"बुवा, एवढं जपलं ते घाबरवायला?"

"पोरी, जखम भरताना आपण तिची भीती काढून घेतली. रानातल्या जिवाला तेवढंच एक कवच असतं. माणूस आला की खाऊ मिळतो, हे ती तुझ्याकडे शिकली. मला दिसत होतं, पण तुझा आनंद मोडवेना, म्हणून मीही गप्प बसलो. उद्या शेतात वाजणारं पाऊल तुझं नसेल गं. तिचं होतं ते तिला परत दे."

गोदाने डोळे पुसले आणि काठी आपटली. धामण थबकली. गोदाने पुन्हा आपटली, पाय आपटले, रडत रडत तिच्या अंगावर धावून गेली. तेव्हा कुठे धामण वळली आणि सरसरत करवंदीच्या जाळीत दिसेनाशी झाली.



"पुन्हा कधी दिसेल का हो?" गोदाने विचारले.

"दिसेल की. तुला पाहून पळाली, तर समज, तुझं औषध लागू पडलं."

लेपपट्टी गोदाला आधीच येत होती. वैद्यकी ती त्या दिवशी शिकली.