कातळावरचा अनुस्वार

दोन काठांवर पसरलेल्या एका जंगलात, मुलांनो, एक खार राहत असे. अंगाने चिमूटभर, पण हट्ट मणभर. मधल्या नदीत एक काळा, सपाट कातळ होता. दोन्ही काठांवरची पोरे आपापल्या वेळी तिथे पाणी प्यायला येत आणि जाताना नखाने काहीतरी खरडून जात. दुसऱ्या दिवशी त्याखाली कोणाचे तरी उत्तर असे. पलीकडची हरणे आणि माकडे खारीने कधी जवळून पाहिली नव्हती. तरी कोणाला कोडी आवडतात आणि कोण लगेच रुसते, हे तिला पाठ होते.

अलीकडच्या काठावर एका बगळ्याची शाळा होती. सगळे त्याला गुरुजी म्हणत. कातळाचे नाव काढले, की गुरुजींची मान ताठ होई. त्या खरडण्यापायी पोरांची भाषा पार बिघडली, असे ते येता-जाता सांगत. खारीला अनुस्वार द्यायचा कंटाळा होता, हे खरेच. गुरुजींनी तिच्याकडून शंभर वेळा 'आंबा' लिहून घेतला, त्यातले निम्मे बिनटिंबाचे निघाले. मग एकदा तिने कातळावर लिहिले, 'मोठा आबा पडला, लवकर या.' दुसऱ्या दिवशी पाहते तो खाली प्रश्नांची रांग. कोणाचे आबा? कुठून पडले? फार लागले का? एका माकडाच्या पोराने तर जखमेवर लावायला पालाही आणून ठेवला होता. खारीला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्या दिवसापासून तिचा एकही अनुस्वार चुकला नाही. पण हे गुरुजींना सांगणार कोण? त्यांनी फर्मान काढले, की कातळावर लिहिताना जो दिसेल त्याचे शाळेतून नाव कमी होईल.

एका सकाळी खारीने झाडावरून पाहिले, की शिकाऱ्यांनी अलीकडच्या काठावर बांबूच्या बेटाखाली खोल खड्डा खणला आणि वरून पाला अंथरला. दुपारी हरणांचा कळप नदी ओलांडून नेमका त्याच वाटेने चरायला येई. खारीने धावत जाऊन गुरुजींना सांगितले. गुरुजी काही दुष्ट नव्हते. त्यांनी लगेच पळसाचे मोठे पान घेतले, वर 'कृ. सा. न. वि. वि.' घातले, कळपाचे क्षेमकुशल विचारले, यंदाच्या गवताबद्दल चार शब्द लिहिले आणि अकराव्या ओळीत ते खड्ड्याकडे वळले.

"आधी खड्ड्याचे लिहा ना, गुरुजी," खार म्हणाली.

"पत्राला काही रीत असते," गुरुजी म्हणाले. पान चोचीत धरून ते पलीकडे उडाले, एका फांदीला टांगून परत आले आणि आपले काम झाले म्हणून एका पायावर उभे राहिले.

कळप आला. पुढच्या हरिणीने पानावरच्या दोन ओळी वाचल्या. कुणाच्या घरचे आमंत्रण असेल, येताना सावकाश वाचू, असे म्हणून ती पाण्यात उतरली. खारीने काठावरून पुष्कळ ओरडून पाहिले, पण नदीच्या खळखळाटात तिचा आवाज पोहोचेना. तेव्हा ती दगडांवरून उड्या मारत कातळाकडे निघाली. कातळावर एक अक्षर काढलेस तर नाव कमी करीन, असे गुरुजींनी मागून बजावले.

"करा," खार म्हणाली, आणि लिहू लागली : 'थांबा. बांबूखाली खड्डा आहे.' 'बां'वरचे टिंब तिने इतके दाबून दिले, की नखातून रक्त आले. कातळापाशी येताच हरिणीने सवयीने वाचले. सगळा कळप जागच्या जागी थांबला, मागे फिरला आणि वाचला.

गुरुजींच्या तोंडून शाबासकी काही निघाली नाही. नियम तो नियम. त्यांनी सगळ्या वर्गासमोर खारीपुढे पान ठेवले आणि माफी लिहून दे, नाहीतर घरी जा, असे सांगितले. खारीला शाळा मनापासून आवडत असे. तिचे डोळे भरून आले. तिने ते पुसले आणि लिहिले, 'मी कातळावर लिहिते. उद्याही लिहीन.'

गुरुजींनी पान जवळ धरले, मग लांब धरले. 'लिहिते'मधल्या 'हि'ची वेलांटी पहिली, 'लिहीन'मधल्या 'ही'ची दुसरी. इथे भलेभले अडखळतात. खारीची चूक एकही नव्हती.

"हे तुला कोणी शिकवले?" त्यांनी विचारले.

"सांगितलेत तुम्ही, गुरुजी," खार म्हणाली. "पण शिकवले ते वाचणाऱ्यांनी."

गुरुजींनी पान खाली ठेवले. पटावरचे तिचे नाव त्यांनी खोडले नाही. माफी मात्र त्यांना शेवटपर्यंत मिळाली नाही.

तात्पर्य : ज्याचे लिहिणे कोणीतरी खरोखर वाचते आणि 'म्हणजे काय?' असे विचारते, तो लिहायला शिकतो. आणि आपण कुठे शिकलो, याची त्याने कोणाकडे माफी मागू नये.