पंचाचे डोळे

लेहच्या गोठलेल्या मैदानावर आइस हॉकीचा अंतिम सामना ऐन रंगात आला होता. शेवटचं मिनिट, दोन-दोन अशी बरोबरी, आणि तेवढ्यात आबासाहेब जगदाळ्यांच्या पुण्याच्या संघाने चकती जाळ्यात घातली. पंच शर्वाणी पेठकरने गोल दिलाही. पण व्हिडिओत दिसलं, की खेळाडूने चकती स्टिकने नव्हे, मुद्दाम पायाने ढकलली होती. तिने गोल रद्द केला.

आबासाहेब संघाचे मालक आणि स्पर्धेचे अध्यक्षही. ते तरातरा बर्फावर उतरले.

"पंचाचे डोळे मोठे की ते यंत्र? तुम्ही डोळ्यांनी गोल दिलात, तोच धरा. नाहीतर ही तुमची शेवटची मॅच."

"धरते, साहेब," ती म्हणाली. "पण मग सगळा सामना डोळ्यांनीच मोजू. तुमचे आधीचे दोन्ही गोल मी नाकारले होते, ते व्हिडिओने दिले. ते काढले की तुमचा हा एकच उरतो; समोरच्यांचे दोन्ही मी डोळ्यांनीच दिले होते. म्हणजे तुम्ही दोन-एकने मागे पडलात. जाहीर करू?"

आबासाहेबांनी गुणफलकाकडे पाहिलं.

"यंत्र बरोबर असेल," ते पुटपुटले आणि जपून पावलं टाकत परत फिरले.

शर्वाणीने शिट्टी फुंकली. उरलेल्या चाळीस सेकंदांसाठी अख्खं मैदान श्वास रोखून उभं राहिलं.